येताना घरातली जुनी चादर आणा

सकाळचे पावणेसहा. सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या बोळात रात्रपाळीचे माग अजून चालू आहेत. पत्र्याच्या शेडमधली खटखट शाळेच्या हॉलपर्यंत पोचते आहे. मृग निघायला दोन दिवस उरलेत. पावसाचा पत्ता नाही आणि सूर्य वर यायच्या आधीच मानेवर घाम जमायला लागलाय. हॉलच्या दारात चपलांची रांग लागली आहे, पण आत कुणी गेलेलं नाही. शहाबादी फरशी नुकतीच पुसून घेतली आहे आणि ती पुरती वाळल्याशिवाय योग शिकवणाऱ्या मॅडम कुणाला उंबऱ्याच्या आत पाय टाकू देत नाहीत.

"ओल्या फरशीवर पाय सरकतो. थांबा की ओ दोन मिनिटं, कुठं गाडी चुकायलीय?"

दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय : सैल सुती कपडे, रिकामं पोट, अंथरायला घरातली जुनी चादर, पुसायला टॉवेल. एवढंच. 21 जूनच्या योग दिनाआधी नवशिक्यांसाठी इथं वर्ग सुरू होतोय आणि जमलेल्या पंचवीस-तीस जणांपैकी बहुतेकांनी असल्या वर्गाचं दार आज पहिल्यांदा पाहिलंय. काय घालायचं, कशावर बसायचं, आपल्याला कुणी हसेल का, हे चेहऱ्याचेहऱ्यावर दिसतंय. ही धास्ती मी हलकी समजत नाही. आसन जमत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांपेक्षा, आपल्याकडे तसे कपडे नाहीत, तशी मॅट नाही म्हणून दारातूनच मागं फिरणारी माणसं मी जास्त पाहिली आहेत. आणि ती बहुतेक कष्टानं पाठ-गुडघे झिजलेलीच असतात, म्हणजे ज्यांनी आत यायला हवं तीच.

फरशी वाळते. माणसं आत येतात आणि बघता बघता हॉलभर चादरी पसरतात. मोरपंखी, जांभळ्या, विटकरी, कुणाच्या कडेवर अजून कारखान्याचं नाव विणलेलं. सोलापुरात चादर नसलेलं घर शोधून सापडणार नाही. इथल्या चादरीला जीआय मानांकन आहे, इथल्या टेरी टॉवेललाही आहे. पण त्या मानाची गोष्ट इथं कुणी बोलत नाही. हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात कुणी ना कुणी मागावर उभं राहिलेलं आहे. चादर त्यांच्या हाताखालची आहे, तिच्यावर बसायला त्यांना संकोच वाटत नाही.

एक बाई नवी कोरी चादर घेऊन आल्या आहेत, पिशवीतल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. मॅडम चादरीवरून हात फिरवतात.

"अक्का, ही ठेवा पाव्हण्यांना. ह्यात खळ आहे अजून. घसरतीया बघा. धुऊन धुऊन मऊ झालेली नाही का घरात?"

"हाय की, पण जुनी हाय ओ."

"जुनीच पाहिजे मला."

नव्या चादरीची खळ तिला कडक आणि गुळगुळीत ठेवते. दहा-वीस धुण्यांत ती निघून गेली की सूत फुलतं आणि फरशीला धरून राहतं. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना योग्याच्या आसनाचं वर्णन केलंय, त्यात कुशाच्या अंकुरांच्या वर आणि मृगाजिनाच्या खाली धुतलेल्या वस्त्राची घडी आहे. मूळ गीतेतही दर्भ, अजिन आणि वस्त्र असे थर आहेत, आणि आसन फार उंच नको, फार खालीही नको, असं सांगितलंय. मृगाजिन आणि दर्भ काळाबरोबर गेले. धुतलेल्या कापडाची घडी मात्र या हॉलमध्ये शाबूत आहे.

पुढच्या ओळीत कॉलेजातली एक मुलगी गुलाबी मॅट उलगडते. प्लास्टिकचा नवा वास सुटतो. शेजारचे दोघं-तिघं आपल्या चादरीकडे आणि तिच्या मॅटकडे आळीपाळीनं पाहतात. मॅडमचं तिकडे लक्ष जातं. त्या मॅटवर तळहात दाबून बघतात आणि मुलीला सांगतात की घरी गेल्यावर साबणाच्या पाण्यानं पूस, सावलीत वाळव, मग हात सरकायचा नाही. तेवढ्यावर विषय संपत नाही, कारण बाकीच्यांच्या मनातला प्रश्न त्यांना ऐकू आलेला आहे. त्या उभं राहून सगळ्यांना सांगतात की मॅट वाईट नाही, ज्यांना घ्यायची त्यांनी पुढं सवय झाल्यावर घ्यावी. आज कुणीही दुकानात जायचं नाही.

ही मॅट आली तरी कुठून? तिचा जन्म असाच अडचणीतून झालेला आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस अँजेला फार्मर नावाच्या इंग्रज शिक्षिका म्युनिकमध्ये शिकवत होत्या. हातापायांना पकड मिळत नाही म्हणून त्यांनी गालिच्याखाली अंथरायचं रबरी अस्तर कापून घेतलं आणि त्यावर उभ्या राहायला लागल्या. पुढं त्याचाच धंदा झाला. या बाई शिकल्या होत्या बी. के. एस. अय्यंगारांकडे, म्हणजे धागा पुन्हा आपल्या पुण्याला येऊन मिळतो. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि आयुष्यभर तिथंच शिकवत राहिले. वाकता न येणाऱ्या, आजारी, वयस्कर माणसालाही आसन करता यावं म्हणून त्यांनी लोड, पट्टा, लाकडी वीट, दोर, खुर्ची, घडी घातलेली ब्लँकेट हे सगळं वर्गात आणलं. यातली कुठली वस्तू मराठी घराला परकी आहे? लोडाला टेकून आपण पिढ्यानपिढ्या बसलो. तोच लोड पाठीखाली आडवा कसा ठेवायचा, हे तेवढं शिकायचं.

सव्वासहा. सगळे मांडी घालून बसलेत. मॅडम एका पन्नाशीच्या गृहस्थांसमोर गुडघ्यावर बसतात. रेल्वे लाइन्सकडून स्कूटरवर आलेत, बँकेत असावेत. त्यांचे गुडघे छातीच्या दिशेनं वर उभे आणि पाठ मागं ढकलली गेलेली. ताठ बसायचा प्रयत्न करताहेत आणि मांड्या थरथरताहेत.

"काका, उठा जरा."

त्यांची चादर त्या उचलतात. लांबीत दुमडतात, रुंदीत दुमडतात, परत लांबीत, परत रुंदीत. प्रत्येक घडीला तळव्यानं दाबून आतली हवा काढतात, सुरकुती राहू देत नाहीत. तीन बोटं उंचीची घट्ट घडी तयार होते. मग तिची एक बाजू बघतात, दुसरी बघतात. सुटी टोकं मागं करतात आणि दुमडलेली गोल कड पुढं आणतात.

"आता ह्या कडेवर बसा. मधोमध नाही. कडेवर. बैठक वर, मांड्या उतरत्या."

काका बसतात. कंबर आपोआप पुढं कलते, गुडघे खाली येतात आणि पाठीचा कणा काही न करता सरळ होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण ज्या वेगानं उतरतो तो पाहण्यासारखा आहे. ते मागं वळून आपल्याच पाठीकडं बघायला जातात. तीन बोटांनी केवढा फरक पडला! मांडीच्या मागचे आणि नितंबांचे स्नायू आखडलेले असले की जमिनीवर बसताना ते ओटीपोटाच्या हाडाला मागं ओढतात. बैठक उंचावली की ती ओढ सैल पडते. हे कळलं की 'मला खाली बसता येत नाही' असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना बसता येईल.

कपड्यांचं म्हणाल तर हॉलमध्ये सगळं सोलापूर आहे. सलवार-कमीज, पायजमा-बनियन, शाळेच्या खेळाच्या तासाची ट्रॅक पँट, गाऊनवर ओढणी. एक आजी हिरव्या नऊवारीत. त्यांची सून कानात सांगतेय, "आत्याबाई, उद्या माझा पंजाबी ड्रेस घाला." मॅडम ते ऐकतात आणि सुनेला थांबवतात. कासोटा घातलेल्या लुगड्यात पाय मोकळे असतात, फाकवता येतात, उचलता येतात. पदर खोचला की झालं. पाचवारीत मात्र अडचण होते, निऱ्या पायात येतात आणि पाय वर केला की बाईचं सगळं लक्ष साडी सावरण्यात जातं. पाचवारीत आलेल्या दोघींना मॅडम तसंच सांगतात, आणि आजच्यापुरतं उभ्यानं करायचं तेवढंच करायला लावतात.

मागच्या ओळीत एक इंजिनिअरिंगचा मुलगा जीन्स घालून आलाय. मांडी घातली की जांघेत कापड अडकतं, वाकला की पट्ट्याचं बक्कल पोटात रुततं. शेजारचा मित्र पुटपुटतो, "तुला सांगितलं होतं का नाही बे?" मॅडम रागवत नाहीत. पट्टा काढून ठेवायला लावतात आणि उद्या नाइट पँट घालून ये, म्हणतात. घोट्यावर येईल एवढीच घाल, टाचेखाली येणारी नको, टाचेखाली कापड आलं की पाय निसटतो. मोजेही याच कारणानं काढून ठेवायचे.

सैल म्हणजे झोळ्यासारखं नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. सदरा इतका ढगळ असेल की पुढं वाकल्यावर तो तोंडावर येतो, तर तो आत खोचावा लागतो. शिवाय शिकवणाऱ्याला तुमचा गुडघा कुठं वळलाय, घोटा कुठं पडलाय हे दिसलं पाहिजे. पुण्याच्या अय्यंगार संस्थेत मांडीपाशी इलॅस्टिक असलेल्या आखूड फुगीर चड्ड्या रूढ झाल्या त्या यासाठीच. गुडघा उघडा असला की चूक लपत नाही. इथं, या हॉलमध्ये, सासवा-सुना आणि शेजारी एकत्र असताना तसल्या कपड्यांची सक्ती केली असती तर उद्या निम्मा हॉल रिकामा राहिला असता. मॅडमनी मधला मार्ग काढलाय : पायजम्याचे पाय गुडघ्याच्या खालपर्यंत दोन वळ्या वर घ्या, बास. मला हा निर्णय पटतो. 1934 साली सीतादेवी योगेंद्रांनी मुंबईत खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून कपड्यांचा हा प्रश्न शिकवणाऱ्यांपुढं आहेच, आणि तो प्रत्येक गावात त्या गावासारखाच सोडवावा लागतो.

आता बांगड्या. हात जमिनीवर टेकून शरीराचा भार द्यायचा म्हटल्यावर चार-पाच जणी हात मागं घेतात. हिरवा चुडा कसा उतरवायचा? एकीचं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, दोन्ही हात मनगटापासून भरलेले. मॅडम तिला उतरव म्हणत नाहीत. तिच्या बांगड्या वर सारतात, मनगटापासून चार बोटं लांब, जिथं त्या हाताला घट्ट बसतात तिथं. आणि त्यावर तिच्याच मोठ्या रुमालाचे दोन वेढे देऊन गाठ मारतात. गाठ बाहेरच्या बाजूला. मुलगी हात हलवून बघते. आवाज येत नाही, बांगडी हलत नाही. मग ती दुसरा हात स्वतःच बांधते आणि शेजारणीला दाखवते. मंगळसूत्र मागं, पाठीवर टाकायचं. अंबाडा सोडून वेणी घालायची, क्लचर काढायचा. नाहीतर उताणं झोपल्यावर डोकं एका बाजूला कलंडतं आणि शवासनात मान आखडते.

पदर खोचलेल्या एक अक्का विड्या वळतात. सकाळ-संध्याकाळ मांडीवर सूप घेऊन बसण्यात उभं आयुष्य गेलेलं; त्यामुळे मांडी त्यांना पाण्यासारखी जमते, बँकेतले काका त्यांच्याकडं कौतुकानं बघताहेत. पण ताडासनासाठी हात वर करायला सांगितल्यावर अक्कांचे हात कपाळाच्या पुढं जाऊन थांबतात. खांदे वर येत नाहीत. त्यांना वाटतं आपल्याला जमतच नाही, त्या हात खाली घेतात. मॅडम त्यांना टॉवेल लांब धरायला देतात, दोन्ही टोकं दोन मुठीत, हात खांद्याएवढे दूर. "आता ओढा बाहेरच्या बाजूला, आणि ओढत ओढत वर." टॉवेल ताणला जातो आणि हात आणखी वीतभर वर जातात. अक्का तेलुगूत काहीतरी म्हणतात, शेजारची हसते. हाच टॉवेल नंतर पाठीवर झोपून तळपायाला अडकवायचा आहे, पाय सरळ वर करण्यासाठी. वज्रासनात घोट्याखाली गुंडाळी करून ठेवायचा आहे, म्हणजे पायाचा वरचा भाग फरशीवर चेपत नाही. आणि घाम तर पुसायचाच आहे. हातरुमालानं यातलं एकही होत नाही, म्हणून फळ्यावर टॉवेल लिहिलंय.

उभ्यानं करायची आसनं आली की चादरी गुंडाळून बाजूला ठेवायला लावतात. वृक्षासन, त्रिकोणासन हे सगळं उघड्या फरशीवर, अनवाणी. दोन पाय फाकवून उभं राहिलं की चादर पायांबरोबर सरकत जाते, हे चादरीचं वैगुण्य आहेच. बसायला आणि झोपायला चादर उत्तम, उभं राहायला फरशी. गुलाबी मॅटवाली मुलगी तेवढ्यापुरती मॅटवर थांबते आणि तिचा त्रिकोण सगळ्यांत स्थिर दिसतो, हेही खरं.

मधल्या वेळात मॅडम वही घेऊन एकेकाशेजारी बसतात. हळू आवाजात विचारतात : बीपीची गोळी आहे का, साखर आहे का, पोटाचं ऑपरेशन, हर्निया, काचबिंदू, चक्कर, बायकांना पाळी आणि दिवस गेलेत का. चादर विसरली तर शेजारी देईल. ही माहिती मात्र जो तो स्वतःच आणू शकतो, आणि नेमकी तीच माणसं घरी ठेवून येतात. एक तरुण आई आधी 'काही नाही' म्हणते. मॅडम उठत नाहीत, तिथंच बसून राहतात. मग ती सांगते की सिझर होऊन तीन महिने झालेत. घरच्यांना पोट लवकर आत जायला हवंय. मॅडम वहीत लिहितात आणि तिला सांगतात की तुला कपालभाती नाही, भुजंगासन नाही, पोटावर ताण येणारं काही नाही. डॉक्टरांना विचारून ये, तोवर श्वास आणि खांदे. बीपी असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरायचा नाही. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली करायचं नाही. इन्शुलिन घेणाऱ्या एका मामांना तर त्या रिकाम्या पोटाच्या नियमातूनच वगळतात, डॉक्टरांचा सल्ला घेऊन या म्हणतात आणि खिशात खडीसाखर ठेवायला सांगतात. फळ्यावरचा नियम सगळ्यांना सारखा नसतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, याचं मला मोठं समाधान वाटतं.

दारातून एक उंच गृहस्थ वाकून आत येतात. उशीर झालाय. बनियन, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, भुवयांवर आणि कानांवर सुताची बारीक रुई. मागावरून थेट आलेत. चादर आणलेली नाही, खांद्यावर पंचा आहे. मागं फिरावं की थांबावं, अशा बेतात ते उंबऱ्याशी उभे. आजी आपल्या चादरीचं एक टोक त्यांच्याकडं सरकवतात.

"रात्रभर उभे होता ना मामा?" मॅडम विचारतात. "मग आता उभं राहून काही करायचं नाही. तोंड धुऊन या आणि भिंतीशी या."

त्या पुन्हा तेच विचारतात, बीपी, डोळे, कंबर. मामा मान हलवतात, काही नाही. मग त्या त्यांना भिंतीला कूस लावून बसवतात आणि अलगद वळवून पाठीवर झोपवतात, पाय भिंतीवर सरळ वर. पंच्याची घडी डोक्याखाली. पायाच्या निळ्या शिरा फुगलेल्या दिसताहेत. पाच मिनिटांत पावलांचा रंग उतरतो. मामांचे डोळे मिटलेत आणि पोट सावकाश वर-खाली होतंय. बाकीचा वर्ग भद्रासनात बसलाय आणि त्यांच्याकडं कुणी वळून बघत नाही. मॅडमनी आधीच सगळ्यांना समोर बघायला सांगितलंय.

आयुष मंत्रालयानं योग दिनासाठी ठरवलेला क्रम पंचेचाळीस मिनिटांचा आहे, प्रार्थनेपासून शांतिपाठापर्यंत. आज त्यातला तिसरा हिस्साही होत नाही. निम्मा वेळ घड्या घालण्यात, गाठी बांधण्यात, वही लिहिण्यात गेलाय. त्यात कुणी वेळ वाया गेला असं म्हणेल, मी म्हणणार नाही. आज बसण्याची जागा नीट झाली तर उद्या सगळे येतील.

शवासन संपल्यावर चादरी झटकल्या जातात. पाण्याच्या बाटल्या उघडतात. मॅडम एकदम गटागट पिऊ देत नाहीत, घोट घोट घ्या म्हणतात. घरी गेल्या गेल्या गार पाण्यानं अंघोळ करू नका, घाम जिरू द्या. एक बाई विचारतात की सकाळी चहाशिवाय डोकं दुखतं, काय करू? अर्धा कप घ्या, पण अर्धा तास आधी, आणि बिस्किटं नकोत.

तेवढ्यात दोन ओळींमधून आवाज येतात, "मॅडम, उद्या आमच्याकडं पाणी हाय." पाणी ज्या दिवशी येतं त्या पहाटे सोलापुरात कुठलीही बाई घर सोडू शकत नाही, पुढच्या पाळीपर्यंतचं भरून ठेवायचं असतं. सात-आठ हात वर होतात. वर्ग बुडवू नका असं मॅडम म्हणत नाहीत. वहीचं पान उलटतात, कुठल्या पेठेत कुठल्या दिवशी पाणी, हे विचारून नावांपुढं लिहून घेतात, आणि त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला दुसरी तुकडी ठरवतात.

"पण मग दुपारची भाकरी एकच्या आत खायची," त्या सांगतात. "त्याच्यानंतर शेंगदाण्याचा दाणासुद्धा नाही. आणि अक्का, तुम्ही जुनी चादर."